स्क्रीन रेकॉर्ड होते, पण रीपरचा आवाजच येत नाही (पेटीच्या क्लासचे व्हिडिओ)

पेटीचा_भाता (वडगाव, बेळगाव) · सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. मी पेटी शिकवतो. वीसेक विद्यार्थी आहेत, त्यातले सात-आठ म्हापसा, मडगाव आणि पुण्याकडचे, म्हणजे ऑनलाइन. आता त्यांच्यासाठी भजनाला साथ कशी बांधायची यावर व्हिडिओ करायचे आहेत. रीपरमध्ये (हा आवाज रेकॉर्ड करायचा प्रोग्रॅम) तानपुरा, तबल्याचा ठेका, त्यावर माइक लावून वाजवलेली पेटी, हे सगळं स्क्रीनवर दाखवत दाखवत.

स्क्रीन रेकॉर्ड करायला ओबीएस हा प्रोग्रॅम घातला. काल सलग ४० मिनिटं रेकॉर्डिंग केलं, घाम गाळून. उघडून बघतो तर चित्र झकास, माउस फिरतोय, रीपरचे मीटर नाचताहेत आणि आवाज शून्य. गणपती मिरवणुकीत डीजेचा जनरेटर बंद पडल्यावर पोरं नुसतीच नाचत राहतात तसं दिसतंय.

यूट्यूब लावलं तर त्याचा आवाज ओबीएसमध्ये येतो. फक्त रीपरचा येत नाही. शेवटी स्पीकर मोठा करून वेबकॅमच्या माइकनं घेतला, तर पेटीबरोबर शेजारच्या मागाची खटखट, पंखा आणि आईचा कुकर. वडगावात राहायचं म्हणजे मागाला तोड नाही, पण विद्यार्थ्यांना ते कसं ऐकवू?

विंडोज १०, दोन माइकचा यूएसबी साउंड इंटरफेस, रीपरमध्ये आसिओ ड्रायव्हर. आणखी काय सांगायला पाहिजे ते विचारा.

खानापूर_पॅसेंजर · सोमवार, रात्री ११:३४

मूकपटाचा जमाना परत आलाय म्हणा की सर. खाली पाट्या टाका, "सा रे ग म" म्हणून.

(थट्टा सोडा. आमच्या भजनी मंडळाच्या पोरानं पण हेच केलंतं. त्यानं शेवटी मोबाइल स्टँडवर लावून स्क्रीनचं शूटिंग केलं. बघवंना.)

निपाणीकर · मंगळवार, सकाळी ७:०५

भाता, तुझं काही चुकलेलं नाही, फक्त तू उभा राहिलायस चुकीच्या ठिकाणी. सांगतो बघ.

यूट्यूब, व्हॉट्सॲप, गाणी, हे सगळे आवाज विंडोजच्या मिक्सरमधून जातात. ही झाली लाल गाडी. प्रत्येक स्टँडात शिरणार, चार माणसं चढणार, चार उतरणार. ओबीएसचा 'डेस्कटॉप ऑडिओ' त्या स्टँडवर पिशवी घेऊन उभा असतो. जी गाडी स्टँडात येते ती त्याला मिळते.

आसिओ म्हणजे पुणे-बेंगळुरू हायवेची व्होल्व्हो. ती गावात शिरतच नाही, बायपासनं थेट जाते. रीपरचा आवाज विंडोजच्या मिक्सरला टाळून सरळ तुझ्या इंटरफेसच्या ड्रायव्हरला जातो. तो तसा जावा म्हणूनच तर जर्मनीच्या स्टाइनबर्गनं १९९७ मध्ये हे आसिओ काढलं. मिक्सरमधून गेलं की उशीर होतो, आणि पट्टी दाबल्यावर सूर उशिरा आला तर वाजवणाऱ्याचा हात अडखळतो. बफर म्हणजे एका वेळी पुढं जाणारा आवाजाचा तुकडा. सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाचे नमुने) धरले तर २५६ सॅम्पलचा एक बफर साधारण ५.३ मिलिसेकंदांचा. एवढं कानाला कळत नाही. त्याच्या बदल्यात तुला स्टँड सोडावा लागतो.

म्हणजे तू मध्यवर्ती बसस्थानकावर उभा राहून बायपासच्या व्होल्व्होला हात करतोयस.

आता पहिला प्रश्न. व्हिडिओत तू पेटी लाइव्ह वाजवणार आहेस, की आधी वाजवून ठेवलेलं फक्त लावून दाखवणार आहेस? उत्तर त्यावर आहे.

पेटीचा_भाता · मंगळवार, सकाळी ८:१२

अण्णा, व्होल्व्होचं एकदम डोक्यात बसलं. दोन्ही करणार. अर्धा वेळ समजावणार, अर्धा वेळ वाजवणार.

रात्री एका व्हिडिओत बघून 'स्टेरिओ मिक्स' चालू केला. साउंड कंट्रोल पॅनल, रेकॉर्डिंग, राइट क्लिक, 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस'. तो सापडला, चालू पण झाला. आवाज तरीही नाही.

निपाणीकर · मंगळवार, सकाळी ८:३०

नाहीच येणार. स्टेरिओ मिक्स कॉम्प्युटरच्या आतल्या रिअलटेक चिपचा, आणि तुझा आवाज बाहेरच्या यूएसबी डब्यातून जातोय. दोघांची भेटच नाही. पण तो बंद करू नकोस, पुढं उपयोगी पडेल.

ओबीएसच्या २८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, 'ॲप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर' म्हणून एका एका प्रोग्रॅमचा आवाज घ्यायची सोय आली. पुष्कळ जण तीच सुचवतील. ब्राउझरला ती उत्तम. रीपर आसिओवर असेल तर तिथंही शांतता, कारण ती पण विंडोजच्याच वाटेवर उभी आहे.

कपिलेश्वर_बीट्स · मंगळवार, दुपारी १:१५

काय एवढं अवघड करायलाय ओ? माझ्या एफएल स्टुडिओत काहीच न करता येतंय आवाज ओबीएसमध्ये. रीपर सोडा, एफएल घ्या.

खडूस_ध्वनी (टिळकवाडी) · मंगळवार, दुपारी १:४८

तुझ्यात येतो, कारण तू 'एफएल स्टुडिओ आसिओ' वापरतोस. नावात आसिओ असलं तरी तो ड्रायव्हर इतर प्रोग्रॅमना सोबत घेऊन चालतो, म्हणून ओबीएसला ऐकू येतं. उद्या इंटरफेस घे, त्याचा स्वतःचा आसिओ निवड, आणि मग इथंच धागा काढायला ये. गाडी बदलली म्हणून रस्ता बदलत नाही, बाळा.

कपिलेश्वर_बीट्स · मंगळवार, दुपारी १:५५

बरं बरं 🙏

अथणी_ढोलकी · मंगळवार, दुपारी ३:३०

नमस्कार. माझं मराठी थोडं चुकतं, घरात कन्नड आहे, सांभाळून घ्या. मी व्हीबी केबल घातलो होतो. चांगलं आहे, फुकट आहे, आवडलं तर देणगी द्यायची. रीपरचं आउटपुट केबलला द्यायचं, ओबीएसमध्ये केबल घ्यायचं. आवाज आलं. पण मला स्वतःला काही ऐकू येईना झालं!

निपाणीकर · मंगळवार, दुपारी ४:१०

मराठीची काळजी करू नका ओ, माझं कन्नड ऐकाल तर हसून पडाल.

तुम्ही केलंत ते बरोबरच, पण केबल म्हणजे पाइप. एका टोकातून घातलं की दुसऱ्या टोकातून निघतं, मध्ये कुणी पाणी भरत नाही. त्यात नावांनी आणखी घोळ घातलाय. 'केबल इनपुट' हे विंडोजला स्पीकर म्हणून दिसतं आणि 'केबल आउटपुट' माइक म्हणून. रीपर इनपुटला बोलणार, ओबीएस आउटपुटवर ऐकणार. हेडफोन बिचारा कुठंच नाही. आणि रीपरला आसिओवर एका वेळी एकच डिव्हाइस, त्यामुळे इंटरफेसलाही आणि केबललाही असं दोन्हीकडं पाठवता येत नाही. त्यासाठी व्हॉइसमीटर घालतात. त्याचा स्वतःचा आभासी आसिओ आहे, तो मध्ये बसून दोन्हीकडं वाटतो. चालतं, पण त्याच्या पडद्यावर इतकी बटणं की माणूस पेटी विसरून जाईल.

भाता, तुझ्यासाठी दोन वाटा.

नुसतं समजावण्याच्या व्हिडिओसाठी: रीपरमध्ये कंट्रोल-पी, ऑडिओ, डिव्हाइस. आसिओ काढून 'वासापी' (विंडोजची स्वतःची आवाजाची वाट) कर आणि त्यात 'शेअर्ड' निवड. 'एक्स्क्लुझिव्ह' नको, नाहीतर परत बायपास. झालं, गाडी स्टँडात आली. डेस्कटॉप ऑडिओत सगळं येईल. उशीर वाढेल, पण लावलेलं वाजवून दाखवायला उशिरानं काय बिघडतंय?

लाइव्ह वाजवण्यासाठी: आसिओ तसाच ठेव आणि रीस्ट्रीम वापर. रीपर बनवणाऱ्यांचंच छोटं प्लगइन आहे. आवाज घेऊन नेटवर्कवरून दुसरीकडं सोडतं, आणि ते 'दुसरीकडं' म्हणजे तोच कॉम्प्युटर असला तरी चालतं. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आता दुकानात गिऱ्हाईक आहे.

खडूस_ध्वनी · मंगळवार, सायंकाळी ५:२०

मी एक वेगळंच सांगतो, कुणाला पटो न पटो. २० वर्षं माइक लावतोय. स्क्रीनबरोबर आवाज रेकॉर्ड करण्याचा हट्टच कशाला? ओबीएसला चित्र घेऊ दे, रीपरला आवाज. रीपरमध्ये तर तू वाजवतोयसच, रेकॉर्डचं बटण दाब, संपलं. सुरुवातीला एकदा टाळी वाजव, कॅमेऱ्यात हात दिसू दे. मग एडिटिंगमध्ये टाळीवर टाळी बसव. रीपरमधून काढलेली वेव्ह फाइल ओबीएसच्या एएसी, म्हणजे दाबून लहान केलेल्या, आवाजापेक्षा कधीही स्वच्छ. पेटीच्या स्वरात हवा असते, ती दाबलेल्या आवाजात पहिली मरते.

पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात पेटी शिकवतोयस, तर आवाज डब्यातून आल्यासारखा चालणार नाही.

पेटीचा_भाता · मंगळवार, सायंकाळी ५:४१

सर, पटतंय. पण आठवड्याला चार व्हिडिओ, त्यात रीपर थांबतो, परत चालू होतो, मी मध्येच मागं जाऊन एक जागा परत दाखवतो. रीपरमधलं रेकॉर्डिंग सलग राहत नाही. तुकडे जोडत बसलो तर रियाज कधी करू?

खडूस_ध्वनी · मंगळवार, सायंकाळी ५:५०

हं. मागंपुढं करणार असशील तर माझी युक्ती उपयोगाची नाही, हे मान्य. संपूर्ण बंदिश वाजवून दाखवशील तेव्हा तरी वापर. आणि ओबीएसमध्ये आवाजाचा बिटरेट १६० असेल तो ३२० कर.

निपाणीकर · मंगळवार, रात्री ९:४५

हं, आता रीस्ट्रीम. घाई करू नकोस, क्रमानं जा.

रीपर घालताना रीस्ट्रीम सोबत येतं. पण ओबीएसला ते दिसायला 'रीप्लग्ज' हा फुकट संच वेगळा घालावा लागतो, ६४-बिटचा. ओबीएस ६४-बिट असेल आणि प्लगइन ३२-बिट, तर यादीत नावच येणार नाही आणि तू रात्रभर शोधत बसशील. (मी बसलो होतो.)

रीपरच्या मास्टर ट्रॅकवर रीस्ट्रीम टाक. 'सेंड' निवड, पत्त्याच्या जागी 'लोकल ब्रॉडकास्ट'. वर एक ओळखनाव असतं, ते लक्षात ठेव. विंडोजचं फायरवॉल परवानगी मागेल, ती दे. नाकारलीस तर सगळं बरोबर असूनही आवाज येणार नाही.

मग ओबीएसमध्ये 'ऑडिओ इनपुट कॅप्चर' असा नवीन सोर्स. डिव्हाइस कुठलं? काहीतरी चालू असलेलं, पण ज्यात आवाज नाही असं. तुझा तो रिकामा स्टेरिओ मिक्स! म्हणून म्हटलं होतं बंद करू नकोस. त्या सोर्सच्या फिल्टर्समध्ये 'व्हीएसटी २.एक्स प्लगइन', यादीतून रीस्ट्रीम, त्याची खिडकी उघडून 'रिसीव्ह', ओळखनाव तेच. रीपर वाजव, ओबीएसचा मीटर हलला पाहिजे.

दोन्हीकडं सॅम्पल रेट एकच ठेव. ओबीएसमध्ये ४८,००० असतो, रीपरमध्ये पण ४८,००० कर. हा घोळ कुठल्याही वाटेनं अंगावर येतो. ४४,१०० ची फाइल कुणी ४८,००० समजून वाजवली तर ती जवळजवळ दीड अर्धस्वर चढते, म्हणजे तुझी काळी एक पांढरी दोनच्याही पुढं, काळी दोनच्या जरा अलीकडं.

पेटीचा_भाता · मंगळवार, रात्री ११:५८

अण्णाऽऽ आला! आवाज आला! भाता मारल्यावर पेटीनं सोडलेला श्वाससुद्धा ऐकू येतोय. कुंदा पाठवतो निपाणीला, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा.

खानापूर_पॅसेंजर · बुधवार, सकाळी ६:४०

कुंदा आमच्यावरनंच जाणार न्हवं? खानापूरला थांबा द्या.

निपाणीकर · बुधवार, सकाळी ७:००

बेळगावहून निपाणीला जाताना खानापूर कधीपासून लागायला लागलं गा?

पेटीचा_भाता · बुधवार, रात्री १०:३०

दोन अडचणी. पहिली, आज आवाज दुहेरी येतोय. पेटी दोनदा वाजल्यासारखी, घळीत गायल्यासारखं. दुसरी जास्त वाईट. ३५ मिनिटं झाली आणि लाइट गेली. डेस्कटॉपवर करत होतो, यूपीएस नाही. फाइल एमपी४ होती, आता उघडतच नाही. सगळं गेलं.

खडूस_ध्वनी · बुधवार, रात्री १०:४४

यूपीएस नाही आणि एमपी४? आपल्याकडची लाइट काय पाहुणी आहे का, सांगून जायला? सेटिंगमध्ये जाऊन रेकॉर्डिंग 'एमकेव्ही' कर, आज, आत्ता. एमपी४ फाइल बंद होताना शेवटी तिची अनुक्रमणिका लिहिली जाते, ती लिहायच्या आधी लाइट गेली की पुस्तक उघडत नाही. एमकेव्ही जिथं तुटली तिथपर्यंत वाजते. नंतर फाइल मेनूत 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' करून एमपी४ बनव, नवीन एन्कोडिंग नसतं, चटकन होतं. नव्या आवृत्त्यांत 'हायब्रिड एमपी४' पण आलंय, ३०.२ पासून. तेही अर्ध्यात तुटलं तर टिकतं.

निपाणीकर · बुधवार, रात्री ११:०२

दुहेरी आवाजाचं कारण विचारतो. काल समजावण्याचा व्हिडिओ केलास का? रीपर वासापीवरच राहिलाय का?

पेटीचा_भाता · बुधवार, रात्री ११:०६

अरेच्चा. हो.

निपाणीकर · बुधवार, रात्री ११:१०

झालं की मग. एक पेटी रीस्ट्रीममधून आली, तीच डेस्कटॉप ऑडिओतनं पण आली. गाडी स्टँडातही आली आणि बायपासलाही. लाइव्हच्या वेळी आसिओवर परत ये आणि डेस्कटॉप ऑडिओ म्यूट करून टाक. व्हॉट्सॲपची टिंग पण त्यातच येते.

मॅकवाली (कॅम्प) · गुरुवार, सकाळी ९:२०

मी कथक शिकवते, लेहरा लॉजिकमध्ये (मॅकवरचा संगीताचा प्रोग्रॅम) बांधून व्हिडिओ करते. मॅकवर आसिओची भानगडच नाही, कोअर ऑडिओवर एकाच डिव्हाइसला अनेक प्रोग्रॅम आवाज देऊ शकतात. पण मॅक दुसऱ्या प्रोग्रॅमचा आवाज सहज उचलू देत नाही, म्हणून मी 'ब्लॅकहोल' ही आभासी केबल वापरते, दोन चॅनेलचं. 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये 'मल्टी-आउटपुट डिव्हाइस' बनवायचं, त्यात हेडफोन आणि ब्लॅकहोल दोन्हींवर टिक, ब्लॅकहोलला 'ड्रिफ्ट करेक्शन'. त्या डिव्हाइसवर कीबोर्डची आवाजाची बटणं चालत नाहीत, घाबरून जाऊ नका, मी दुकानात घेऊन गेले होते मॅक.

मॅकओएस १३ पासून ओबीएसचा स्वतःचा स्क्रीन कॅप्चर आवाजही घेतो. नवीन मॅक असेल तर आधी ते बघा.

पेटीचा_भाता · गुरुवार, सकाळी ९:४५

ताई, इंटरफेस घेतानाच काही बघायला हवं होतं का? म्हणजे पुढच्या वेळी.

मॅकवाली · गुरुवार, सकाळी १०:१०

'लूपबॅक' आहे का ते विचारायचं. माझ्या मैत्रिणीकडं यामाहाचा एजी०३ आहे, त्यात आहे. स्कार्लेट इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत पण आहे. डबाच आतून आवाज वळवून परत कॉम्प्युटरला माइकसारखा देतो, मग केबल नको, रीस्ट्रीम नको.

निपाणीकर · गुरुवार, दुपारी १२:३०

ताईंचं बरोबर. फक्त आहे तो डबा चांगला असताना नवीन घ्यायला सांगू नका कुणी, पेटीवाल्याच्या खिशाला भाता नसतो.

भाता, एक राहिलं. तुझं बोलणं आणि पेटी एकाच आवाजात मिसळू नकोस. बोलण्याच्या माइकचा ट्रॅक रीपरमध्ये वेगळा, त्याचं मास्टर सेंड बंद. त्यावर दुसरं रीस्ट्रीम, दुसऱ्या ओळखनावानं. ट्रॅक आर्म (रेकॉर्डसाठी तयार) आणि मॉनिटरिंग चालू पाहिजे, नाहीतर माइकचा आवाज पुढं जाणारच नाही. ओबीएसमध्ये त्यासाठी दुसरा सोर्स. मग 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये पेटी ट्रॅक १ वर, बोलणं २ वर. ओबीएस असे ६ ट्रॅक देतं. पेटी वाजवताना बोलण्याचा ट्रॅक एडिटिंगमध्ये बंद केलास की माग, कुकर, पंखा सगळं त्याच्याबरोबर गेलं. पेटीच्या माइकमध्ये थोडं येईल, पण तो भात्याजवळ असतो, चालतं.

आणि हातावरचा वेबकॅम चित्र उशिरा देतो. बोट आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. तिथंच 'सिंक ऑफसेट' आहे, मिलिसेकंदात. दोन्ही आवाजांना सारखाच आकडा टाक. टाळी वाजवून बघत बघत वाढव, माझ्याकडं १२० वर बसलं. तुझा आकडा तुझ्या कॅमेऱ्याचा.

पेटीचा_भाता · रविवार, रात्री ८:१५

पहिला व्हिडिओ गेला मंडळी. आसिओ, रीस्ट्रीम दोन, ४८,०००, एमकेव्ही, ऑफसेट ९० वर बसला. समजावण्याच्या भागात बोलण्याचा ट्रॅक अर्थातच चालू ठेवला होता. मडगावच्या एका मुलीचा मेसेज आला: "सर, पेटी छान ऐकू येते. तुम्ही बोलता तेव्हा मागं वाजतोय तो ठेका कुठला?"

खानापूर_पॅसेंजर · रविवार, रात्री ८:१९

मागाचाच म्हणून सांगा की.